पहिला ऑप्शन

गेल्या जुलैमधली गोष्ट आहे, पण अजून दिवसातून एकदा तरी मनात येऊन जाते. लेकीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, म्हणजे कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लावायच्या होत्या. सीईटीचे पर्सेंटाइल हातात होते, कॉलेजांची यादी तिने एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहून काढली होती, प्रत्येकासमोर मागच्या वर्षीचा कटऑफ, हॉस्टेल आहे का नाही, कुर्डुवाडीहून जायला गाडी कुठली, सगळं. त्या वहीवरून तिने एकेक चॉईस कोड लॅपटॉपवर टाकला. एक नंबरला सिव्हिल. दोनला पण सिव्हिल, दुसऱ्या कॉलेजचं. तीनला कॉम्प्युटर. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता. "आई, झोप आलीये. उद्या सकाळी एकदा बघते आणि मग कन्फर्म करते," म्हणाली आणि आत गेली. लॅपटॉप तसाच उघडा होता. मी समोर बसले आणि तीन नंबरचं कॉम्प्युटर उचलून एक नंबरला ठेवलं.

ज्यांच्या घरी यंदा हा फॉर्म भरला गेला त्यांना सांगायला नको की पहिल्या फेरीत एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज होते, मग मागे फिरता येत नाही. मला ते पूर्ण माहीत होतं. मी शिक्षिका आहे, अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे फॉर्म माझ्याकडे येतात. त्यामुळे कळलं नाही, गोंधळ झाला, असं मी म्हणूच शकत नाही. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट करून यावं तसं काहीतरी केल्यासारखं वाटलं, आणि मला लगेच झोप लागली.

सकाळी मी भाकऱ्या करत होते. ती चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसली आणि दोन मिनिटांत किंचाळलीच. "आई गं, हे बघ ना, माझ्याकडून चुकून कॉम्प्युटर वर गेलंय! आत्ता कन्फर्म केलं असतं तर?" तिचा चेहरा खरंच उतरला होता. मग तिने ते परत खाली नेलं, वहीवर बोट ठेवून एकेक ओळ तीनदा तपासली आणि म्हणाली, "मी ना, झोपेत होते काल बहुतेक."

मी "हं" म्हणाले. तव्यावरची भाकरी उलटली.

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते, बार्शी डेपोला. 'चुकून' ह्या शब्दाचा त्यांना भयंकर राग. मशीन यायच्या आधीचे दिवस, तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे, पंचची टिकटिक, आणि ड्युटी संपली की वेबिल. कुठल्या तिकिटाचा कुठला नंबर सुरू झाला, कुठे संपला, कुठल्या टप्प्याला किती माणसं, हे सगळं बारीक टपोऱ्या अक्षरात भरायचं आणि कॅश जुळवायची. पैसे कमी भरले तर खिशातून घालायचे. लाईन चेकिंगची गाडी आडवी आली आणि एखादा बिनतिकिटाचा सापडला तर "चुकून राहिला साहेब" चालायचं नाही. घरात आमच्याकडून दूध उतू गेलं, पैसे हरवले, आणि आम्ही चुकून म्हणालो की आप्पा म्हणायचे, "चुकून काय नसतं. हिशोब लागत न्हाई म्हंजे कुणाचा तरी हात लागलाय." मला ते वाक्य लहानपणी फार जाचायचं. त्या सकाळी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, तेच आठवत होतं.

माझा स्वतःचा फॉर्म आप्पांनी भरला होता. २००३ साल. बारावी सायन्सला ७९ टक्के पडले होते, आमच्या वस्तीत तेव्हा ते खूप होते. आप्पा नाईट आउटवरून, म्हणजे मुक्कामाच्या गाडीवरून, सकाळी आले, आंघोळ केली, डीएडचा, म्हणजे शाळामास्तर व्हायच्या कोर्सचा, फॉर्म घेऊन लोखंडी कॉटवर बसले, मांडीवर वेबिलचं पॅड, त्यावर फॉर्म, आणि त्या वेबिलच्याच अक्षरात माझं नाव, जन्मतारीख, जात, मार्क सगळं भरलं. खाडाखोड एक नाही. मग माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "करायचं नव्हं?" मी म्हणाले, "हो." सही केली. त्यात कुठे आवाज चढला नाही, कुणी रडलं नाही. लोक विचारतात ना की आईवडलांनी तुझ्यावर लादलं का, तर मी आजवर नाही असंच सांगत आलेय, आणि ते खोटं नाही. पण मला तेव्हा काय व्हायचं होतं असं कुणी आज विचारलं तर मला आठवत नाही असं नाही, तशी काही गोष्ट मनात कधी तयारच झाली नव्हती. ती जागा आप्पांच्या अक्षराने आधीच भरलेली होती.

त्या काळात आमच्याकडे डीएडचं वारंच होतं. ज्या घरात मुलगी बारावीला त्या घरात डीएडची चर्चा. सराव पाठ, पाठ टाचणं, रात्री जागून रंगवलेले कार्डशीटचे तक्ते, एकमेकींच्या साड्या नेसून केलेले पाठ, ते दोन वर्षांचे दिवस मला खरंच आवडले. स्थळं यायची त्यात सुद्धा 'मुलगी डीएड आहे' हे पहिल्या ओळीत. जून २००६ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. मानधन महिना ३००० रुपये, तीन वर्षं. पहिल्या आठवड्यात आप्पा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी शाळेत आले. माढा तालुक्यातलं गाव, स्टँडपासून शाळा दोन किलोमीटर, चालत आले. वर्गात सगळ्यात मागे, पोरांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि मी शिकवत होते ते पूर्ण तास ऐकलं. मी दुसरीला वजाबाकी हातच्याची शिकवत होते. तास संपल्यावर काही बोलले नाहीत, फक्त जाताना मुख्याध्यापकांना विचारलं, "पेन्शन लागू हाय नव्हं?"

सरांनी सांगितलं, १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही.

सात महिने. आप्पांनी सात बोटं मोजली माझ्यासमोर. त्यांना स्वतःला सरकारी माणसासारखी पेन्शन मिळणार नव्हती, एसटीवाल्यांना निवृत्तीनंतर जे मिळतं तो आकडा ते आजही कुणाला सांगत नाहीत, आणि म्हणूनच तर मुलीला मास्तरीण करायचं त्यांनी कधीचं मनात धरलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आम्ही जुन्या पेन्शनसाठी संपावर गेलो तेव्हा, १४ ते २० मार्च २०२३, आप्पा रोज फोन करायचे. "काय ठरलं का?" जणू तो संप त्यांचाच होता. मला त्यांच्या आवाजात काहीतरी माफी मागितल्यासारखं ऐकू यायचं आणि ते मला सहन व्हायचं नाही, कारण मला ही नोकरी आवडते. खरंच आवडते. पहिलीतलं पोरगं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहितं आणि मग वहीभर, बाकावर, हातावर तेच लिहीत सुटतं, ते बघायला मिळणं ह्यासारखं दुसरं काम मला माहीत नाही. आप्पांनी माझ्यासाठी निवडलं आणि ते बरोबर निघालं. माझ्या बाबतीत.

धाकटीचं तसं झालं नाही.

धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती अकरावीत असताना आईला कावीळ झाली, बरीच लांबली, आणि दर आठ दिवसांनी रक्त तपासायला लॅबमध्ये न्यायचं काम तिच्याकडे आलं. बार्शीतली छोटीशी लॅब, एका गाळ्यात, आत स्पिरिटचा वास, सेंट्रीफ्यूजची घूंऽऽ अशी घरघर. तिथल्या टेक्निशियन काकांनी एकदा तिला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. ती घरी येऊन दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होती. "ताई, रक्त लाल नसतंच गं तिथे, पिवळट गोल गोल चकत्या असतात नुसत्या, मधे खळगा पडलेल्या, थालीपिठासारख्या." तिला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करायचं होतं. तिने स्वतः जाऊन माहिती काढली होती, फी किती, किती वर्षांचं, कुठे आहे. आमच्या घरात स्वतः माहिती काढून आलेली ती पहिली.

आप्पा म्हणाले, "रगात-लघवीचं काम. पोरीच्या जातीला ते नगं. आक्काचं झालं का न्हाई बरं?" आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा माहेरी आलेले, लग्नाला जेमतेम वर्ष, पोटुशी होते, बाजेवर पाय लांब करून बसले होते. मी म्हणाले, "आप्पा म्हणतायत ते बरोबर आहे गं. शाळेच्या वेळा बऱ्या असतात. घर बघून होतं." मी ते वाक्य कुठून आणलं मला माहीत नाही, मला नोकरीला लागून एकच वर्ष झालं होतं. धाकटी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग ती पण "हो" म्हणाली. फ्री सीट मिळाली नाही. आप्पांनी एसटी कामगारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मॅनेजमेंटच्या जागेवर तिला घातलं. फॉर्म पुन्हा त्याच अक्षरात.

ती २००९ ला पास झाली आणि पुढच्या काही वर्षांत सगळं आटत गेलं. एवढी कॉलेजं निघाली होती की दर वर्षी बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना पुरतील एवढ्या शाळाच नव्हत्या. भरती जवळजवळ थांबली. शिक्षण हक्क कायद्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, राज्यातली पहिली टीईटी डिसेंबर २०१३ ला झाली. धाकटी पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली, ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं. मधली काही वर्षं एका खाजगी शाळेत ४००० रुपयांवर शिकवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नाही. २०१७ ला शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी असं सगळं सुरू झालं तेव्हा तिला दोन लहान मुलं होती, तिने पुस्तक उघडलंच नाही. आणि ज्या कॉलेजात आप्पांनी कर्ज काढून तिला घातलं होतं तिथे आता लग्नाचा हॉल आहे. मागच्या वर्षी आम्ही तिथे एका लग्नाला गेलो होतो. जेवणाची पंगत जिथे बसली तिथे तिचा वर्ग होता म्हणाली. सहज म्हणाली, वाढप्याला "मठ्ठा इकडे" म्हणावं तितकं सहज.

आता ती एका पतसंस्थेची पिग्मी एजंट आहे, लोकांची रोजची बचत गोळा करते. सकाळी दहाला निघते, दुकानं दुकानं फिरते, पानटपरी, चप्पलवाला, भांड्यांचं दुकान, कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर, कुणाचे उद्या या. खांद्याला बॅग, हातात छोटं मशीन, आकडा टाकला की चिठ्ठी बाहेर येते. एकदा मी तिच्यासोबत बाजारात होते, तिने चिठ्ठी फाडून दुकानदाराच्या हातात दिली आणि सुट्टे पैसे बोटांच्या बेचक्यात उभे दुमडून धरले, अगदी आप्पांसारखे. तिच्या लक्षातही नव्हतं. संध्याकाळी तिचा हिशोब पैशापैशाला लागतो, तिच्या संस्थेत तिचं नाव आहे, ती बरं कमावते. म्हणून मी तिची गोष्ट रडकी करून सांगणार नाही, तिला ते आवडणार नाही. पण करोनात, २०२० च्या सप्टेंबरमध्ये, ती मला फोनवर म्हणाली होती, "ताई, लॅबवाल्यांच्या दारात रस्त्यापर्यंत रांग आहे. मी पिग्मीला गेले की ते काका मास्कमधून नुसते डोळ्यांनी हसतात. त्यांना माणसं पाहिजेत, मिळत नाहीयेत." आणि मग लगेच, "आप्पांनी जबरदस्ती थोडीच केली होती. मीच हो म्हणाले ना."

मीच हो म्हणाले. हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

आप्पांनी वाईट चिंतलं असं मी म्हणणारच नाही. मी बराच विचार केला की त्यांना मास्तरीणच का सुचली, आणि मला वाटतं त्याचं उत्तर गाडीत आहे. आप्पा तीस-बत्तीस वर्षं बार्शी-वैराग, बार्शी-परांडा, बार्शी-कुर्डुवाडी असे फिरले. सकाळच्या गाडीला ठरलेल्या थांब्यावर इस्त्रीची साडी नेसून, पर्स आणि डबा घेऊन, महिन्याचा पास काढून चढणारी बाई म्हणजे शाळेतली बाई. संध्याकाळी त्याच गाडीने परत, अंधाराच्या आत घरी. लोक उठून जागा द्यायचे. कंडक्टर पण "बाई" म्हणायचा, तिकीट मागताना आवाज खाली यायचा. दुसऱ्या होत्या त्या नर्स, पण त्यांना रात्रपाळी. बाकी ज्या बायका कामाला जाताना त्यांना दिसल्या त्या खुरपं घेऊन टपावर पोतं टाकणाऱ्या. एवढाच त्यांचा नकाशा. त्या नकाशातली सगळ्यात चांगली जागा त्यांनी आपल्या दोन्ही पोरींसाठी धरून ठेवली, रुमाल टाकून सीट धरतात तशी. लॅबमध्ये ते गेले ते फक्त आजारी माणसाला घेऊन. तिथे काम करणारी मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती तर ती त्यांना सुचणार कशी. आणि गाडीच्या खिडकीतून हे दिसत नव्हतं की तो थांबाच पुढे बंद होणार आहे.

शाळेत मी दर वर्षी पोरांना विचारते मोठेपणी काय होणार. मुलं पोलीस म्हणतात, मिलिटरी म्हणतात, मुली मॅडम म्हणतात, कारण समोर मीच असते. हल्ली काही जण 'कलेक्टर' म्हणतात आणि "आमचे पप्पा म्हणतात" असं जोडतात. आमच्याकडे कारखान्यांच्या सीझनला बीडकडून ऊसतोडीची माणसं येतात, त्यातली काही लेकरं चार महिने आमच्या वर्गात बसतात. त्यातल्या एकाला विचारलं तर तो गप्प. शेजारच्याने कोपर मारल्यावर म्हणाला, "मॅडम, मला आत्ताच अर्धा कोयता येतो." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आगाऊ उचल मिळते ती कोयत्याला, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल तो काय म्हणाला. त्याच्या बापाने त्याला तू हे हो असं कधी सांगितलं नसणार. मी तर एका आईला पाहिलंय, ती पाचटाच्या खोपीतून पोराला ढकलून शाळेत पाठवायची. पण पोर दिवसभर बघत काय होतं?

आणि शिकलेल्या घरांत वेगळं आहे असं मला वाटायचं. सहकारी शिक्षकांची मुलं दहावी झाली की लातूरला, आई तिथे खोली करून राहते, बाप शनिवारी डबे घेऊन जातो. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कुणाची मुलं पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करतायत, पस्तिशी जवळ आली. स्टाफरूममध्ये ह्या सगळ्यांबद्दल आम्ही तळतळून बोलायचो, मी तर सगळ्यात जास्त. पोरांना विचारा, त्यांचा कल बघा, असं मी पालकसभेत माईकवर बोललेय. मनापासून बोललेय. आणि त्याच मी.

माझी लेक सिव्हिल का म्हणाली ते मला पक्कं माहीत आहे. ती तिसरीत होती, एका दुष्काळी उन्हाळ्यात आम्ही पुण्याला निघालो होतो आणि उजनी धरणाचं पाणी एवढं खाली गेलेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर आलं होतं. आम्ही मुद्दाम उतरून बघायला गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत, चपला हातात घेऊन. लोक मंदिराचे फोटो काढत होते. ही मात्र विचारत होती, एवढं सगळं पाणी असतं तेव्हा ते कोण धरून ठेवतं, भिंत किती जाड असते, मग पाणी भिंतीला ढकलत नाही का, खाली जास्त ढकलतं का वर. मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर तिने अंगणात चिखलाचं धरण केलं, ते फुटलं, मग परत केलं, खालून रुंद आणि वर निमुळतं. कुणी सांगितलं नव्हतं. पालखी मार्गाचं काम चालू होतं तेव्हा पंढरपूरला जाता-येता तिला खिडकीची जागा लागायची, पुलाचे गर्डर ठेवताना बघायला. नवरा म्हणाला, "तिचं ठरलंय, करू दे की." त्याला हे इतकं सोपं कसं जातं मला कळत नाही.

मला का जमलं नाही, ते मला त्या रात्रीनंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. शाळेच्या रस्त्यावर एका पुलाचं काम चाललंय, मी स्कूटी हळू केली आणि बघत राहिले. बांधकामावर मी आजवर जेवढ्या बायका पाहिल्यात, त्या सगळ्यांच्या डोक्यावर घमेलं होतं. प्रत्येकीच्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ, झाडाला साडीची झोळी. हेल्मेट घालून नकाशा हातात घेतलेली बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. असतात, मला माहीत आहे असतात, पण माझ्या रस्त्यावर नाहीत. आणि कॉम्प्युटर? कॉम्प्युटर म्हणजे ओळखीच्यांची मुलं, हिंजवडीत, एसीत, गळ्यात आयकार्ड, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. सावलीत बसलेली. मी पण एका खिडकीतूनच बघत होते. माझ्या तोंडून फक्त 'पोरीच्या जातीला ते नगं' एवढं निघालं नाही, कारण ते म्हणायचं नसतं हे मी शिकले होते. मी न बोलता हात लावला. आप्पांनी निदान तोंडावर सांगितलं होतं, धाकटीला निदान माहीत होतं की कुणी थांबवलं.

पहिल्या फेरीत तिला सिव्हिल लागलं, तिने टाकलं होतं तेच, एक नंबरचं. मी पेढे वाटले. खोट्या आनंदाने नाही, तिचा चेहरा बघून मला खरंच भरून आलं होतं, आणि भीती पण तेवढीच वाटत होती.

गौरी-गणपतीला आम्ही सगळे बार्शीला जमलो. जेवणं झाली होती, धाकटी भिंतीला टेकून दिवसाच्या चिठ्ठ्या लावत होती, सणाला सुद्धा तिचं कलेक्शन चुकत नाही. लेक आप्पांना तिच्या कॉलेजचं सांगत होती, सर्व्हे म्हणजे काय, काँक्रीटचा ठोकळा मशीनमध्ये दाबून फुटेपर्यंत कसा तपासतात. आप्पा आता ७४ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण कानावर हात धरून ऐकत होते. तिचं बोलून झालं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, देवापुढची समई फुरफुरली म्हणून आईने उठून वात सारखी केली. आणि आप्पा एकदम धाकटीला म्हणाले, "तुला ते लॅबचं करायचं व्हतं नव्हं?"

अठरा वर्षांनी.

धाकटीने चिठ्ठ्यांवरून नजर उचलली नाही. "हो आप्पा. डीएमएलटी." म्हणाली, आणि शंभराच्या चिठ्ठ्या वेगळ्या करत राहिली. अंगठ्याला थुंकी लावून. पण तिने मोजायला सुरुवात परत पहिल्यापासून केली, मला दिसलं. आप्पांनी नुसती मान हलवली, दोन-तीनदा, वेबिल जुळल्यावर हलवायचे तशी. पुढे काही नाही. मी तिथून उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दिवाळीत लेक घरी आली. रंग उतरला होता, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता, फील्डवर्कला दुपारभर उन्हात सर्व्हेचं लेव्हल यंत्र लावून उभं राहावं लागतं म्हणाली. मी ऊन हा शब्दसुद्धा उच्चारला नाही, टोपी घेऊन आले बाजारातून आणि तिच्या बॅगेवर ठेवली. पण एक गोष्ट मला दिसायला लागली. ती सगळं तीन-तीनदा तपासते. गॅस, कुलूप, रेल्वेचं तिकीट, मोबाईलवर पैसे पाठवताना आकडा. आधी अशी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "अगं नको बाबा, मी वेंधळी आहे. ऑप्शन फॉर्मचं आठवत नाही का?"

मी तेव्हाही गप्प बसले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पुतण्याचा तिला फोन आला. तो यंदा बारावीला आहे, सीईटी देणार आहे. ती ओट्यावर बसून पाय हलवत त्याच्याशी बोलत होती, मी खाली डब्यात उरलेल्या चकल्या भरत होते. अभ्यासाचं झालं, मॉक टेस्टचं झालं, मग ती म्हणाली, "आणि हे बघ, पुढे ऑप्शन फॉर्म भरशील ना, तर कन्फर्म करायच्या आधी दहा वेळा बघ. रात्री भरू नकोस. माझं काय झालं माहितीये का, मी झोपेत भरला आणि चुकून कॉम्प्युटर—"

"चुकून नव्हतं ते," मी म्हणाले.

ती बोलता बोलता थांबली. फोन कानापासून जरा लांब गेला, तिचे हलणारे पाय थांबले. पलीकडून पुतण्या हॅलो, ताई, हॅलो करत होता. मी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.